दाताखालचं हाड आणि आट्यांचा फंडा

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला स्क्रू, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या स्क्रूचे आटे कसे, मान कशी आणि सांधा कसला, यावर भोवतालचं हाड टिकणार की उतरणार हे बरंचसं ठरतं. तिशीत दात गमावलेल्यांसाठी हा पुढच्या पन्नास वर्षांचा प्रश्न आहे!

तुमच्या फोनची रॅम किती, असं कुणी विचारलं तर तुम्ही झोपेतही सांगाल. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बाइकचं ॲव्हरेज किती, लॅपटॉपची वॉरंटी कधी संपते, सगळं तोंडपाठ. आता मला सांगा, तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या जबड्यात इम्प्लांट असेल, तर ते कुठल्या कंपनीचं? किती मिलिमीटर जाड? आतला सांधा कसला? शांतता! ज्या वस्तूवर आपण रोज दोन वेळा जेवतो, जी फोनसारखी दर दोन वर्षांनी बदलता येत नाही, तिचं मॉडेलही आपल्याला ठाऊक नसतं.

मीसुद्धा या भानगडीत पडले नसते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे 'हे कुठे फुटेल?' हा प्रश्न विचारायची सवय आहे, पण तो प्रश्न दाताला कधी विचारला नव्हता. २०२३ मध्ये माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेनं साथ सोडली. कॉलेजात असताना रूट कॅनाल झालेली, वर कॅप असलेली दाढ. तिच्या मुळाला उभी चीर गेली आणि ती काढावी लागली. वय एकोणतीस! आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, बाबांचं सतरा वर्षांपूर्वीचं इम्प्लांट खुडखुडायला लागलं. एकाच घरात दोन पिढ्या, दोन इम्प्लांट आणि दोन अगदी वेगळी डिझाइन्स.

त्यात बाबा म्हणजे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. आटे पाडणं हाच त्यांचा धंदा. मग काय, आमच्या डॉक्टर मॅडमची ओपीडी म्हणजे मेकॅनिकलची लॅबच झाली.

हाड म्हणजे भिंत नव्हे

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकूया. आपल्याला वाटतं, हाड म्हणजे काँक्रीटची भिंत आणि इम्प्लांट म्हणजे त्यात ठोकलेला रॉल प्लग. तसं नाही. हाड जिवंत असतं. त्यात काही पेशी जुनं हाड खात असतात आणि काही नवं हाड भरत असतात. बारा महिने चोवीस तास हे रिनोव्हेशन चालू. कुठे भरायचं आणि कुठून काढायचं हे बऱ्याच अंशी कामावरून ठरतं. जिथे योग्य तेवढा भार पडतो तिथे हाड टिकतं, जिथे काहीच काम उरत नाही तिथून ते काढता पाय घेतं. जर्मन सर्जन यूलियस वोल्फ यांनी हे तत्त्व १८९२ मध्येच मांडलं होतं.

दात काढल्यावर नेमकं हेच होतं. लार्स श्रॉप आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४६ पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक दाढ किंवा उपदाढ काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी सरासरी निम्म्यावर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. म्हणजे 'बघू, बोनस आल्यावर' म्हणत आपण थांबतो, तेव्हा हाड थांबत नाही.

हाड आणि टायटॅनियमची दोस्ती कळली तीही गंमतच. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी उपकरणं हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेनात! हाडानं धातूला घट्ट धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमची इम्प्लांट्स बसवली. लार्सन २००६ मध्ये गेले, तोवर ती कामात होती. चाळीस वर्षांहून जास्त!

म्हणजे हाड धातूला धरतं, हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. आता खरा प्रश्न असतो तो वरच्या काठाचा. इम्प्लांटच्या मानेभोवती, हिरडीच्या लगेच खाली जे हाड असतं, ते तिथेच राहणार की हळूहळू खाली उतरणार?

प्रोबेशनचं पहिलं वर्ष

ऑफिसात जसा प्रोबेशन पीरियड असतो तसा इम्प्लांटलाही असतो. जुन्या स्वीडिश पद्धतीच्या इम्प्लांट्सचा पंधरा वर्षांचा हिशेब रॅग्नार आडेल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. जखम भरण्याच्या काळात आणि पहिल्या वर्षात मिळून हाड सरासरी दीड मिलिमीटर उतरलं होतं. त्यानंतर दरवर्षी साधारण ०.१ मिलिमीटर. १९८६ मध्ये टोमास अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी 'पास' होण्याचे निकष ठरवले. त्यातला एक असा, की पहिल्या वर्षानंतर हाड दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी उतरलं पाहिजे.

ऐकायला ०.२ म्हणजे किरकोळ वाटतं ना? मी कॅल्क्युलेटर काढला. पहिल्या वर्षाचे दीड, पुढच्या १९ वर्षांचे ३.८. वीस वर्षांत ५.३ मिलिमीटर. आणि माझं इम्प्लांट आहे १० मिलिमीटर लांब. म्हणजे काठावर पास होत राहिलं तरी पन्नाशीत निम्म्याहून जास्त स्क्रू उघडा! साठीत दात गमावणाऱ्याला हा हिशेब एक वेळ चालेल. तिशीतल्याला कसा चालेल? पन्नास वर्षांचा हिशेब केला तर उत्तर ११.३ येतं, म्हणजे इम्प्लांटच्या लांबीपेक्षा जास्त.

अर्थात ही निकषाची वरची मर्यादा झाली. सगळ्यांचं हाड एवढं उतरत नाही, आणि चांगल्या केसेसमध्ये पहिल्या वर्षानंतर ते जवळजवळ थांबतं. पण गेल्या तीसेक वर्षांत इम्प्लांटच्या डिझाइनवर एवढी डोकेफोड का झाली, ते या एका आकडेमोडीतून कळतं. पहिल्या वर्षातला तो दीड मिलिमीटर 'चालायचंच' म्हणून सोडायचा की वाचवायचा?

बाबा आणि आटे

मॅडमनी कॉम्प्युटरवर माझ्या इम्प्लांटचं चित्र दाखवलं आणि बाबांचा चेहरा उजळला.

"मॅडम, हे आटे व्ही नाहीत. एका बाजूनं सपाट आहेत. आम्ही प्रेसच्या स्क्रूला असे पाडायचो."

"बरोबर काका," मॅडम म्हणाल्या. "कशासाठी पाडायचात?"

"एकाच दिशेनं दणका बसायचा म्हणून."

झालं, अर्ध लेक्चर तिथेच संपलं. घास चावताना इम्प्लांटवर मुख्य दाब येतो तो वरून खाली. तो दाब आट्यांमधून हाडात उतरतो. आता हाडाची एक खासियत आहे. त्याला दाबलं तर ते भरपूर सहन करतं, ओढलं तर त्याहून कमी, आणि थरावर थर घसरवला तर सगळ्यात कमी. पत्त्यांचा कॅट घ्या. वरून हात दाबा, काही होत नाही. बाजूनं ढकला, पत्ते लगेच घसरतात. तोच प्रकार. व्ही आकाराच्या आट्याच्या उतारावरून दाबाचा बराचसा भाग घसरत जातो. आट्याची खालची बाजू सपाट असेल, तर तोच भार हाडावर सरळ दाब म्हणून पडतो. म्हणून पुष्कळशा नव्या इम्प्लांट्सना चौकोनी किंवा एका बाजूनं सपाट आटे देतात.

आणखी एक गोष्ट बाबांनीच सांगितली. नटबोल्ट आवळला की सगळ्यात जास्त लोड पहिल्या एक-दोन आट्यांवर येतो, खालचे आटे बरेचसे आरामात असतात. इम्प्लांटचंही तसंच. टायटॅनियम हे बाहेरच्या टणक हाडाच्या मानानं साधारण सातपट ताठ. त्यात खऱ्या दाताच्या मुळाभोवती जो तंतूंचा शॉक ॲब्सॉर्बर असतो, तो इथे नसतो. खरा दात चावताना २५ ते १०० मायक्रॉन दबतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. त्यामुळे घास बाजूनं बसला की सगळा ताण मानेपाशी, हाडाच्या वरच्या काठावर एकवटतो. म्हणूनच काही कंपन्या मानेवरही बारीक बारीक आटे पाडतात. पूर्वी ही मान गुळगुळीत असायची. गुळगुळीत भागाशी हाडाची पकड कमी, ताणाचं हस्तांतर कमी, आणि मग हाड पहिल्या खऱ्या आट्यापर्यंत उतरायचं.

जाडीचा हिशेबही इथेच येतो. कॉम्प्युटरवर ताण मोजणाऱ्या अभ्यासांत दिसतं, की काठावरचा ताण कमी करायला लांबीपेक्षा जाडी जास्त उपयोगी पडते. मग सगळ्यांना जाडजूड इम्प्लांट का नाही बसवत? कारण गालाच्या बाजूला हाडाची दीड-दोन मिलिमीटर भिंत उरायला हवी. ती पातळ झाली तर रक्तपुरवठा तुटतो आणि तीच भिंत आधी जाते. हाडात आटे किती खोल जावेत यालाही प्रमाण आहे. वरच्या जबड्याच्या मागच्या मऊ हाडात खोल, धारदार आटे पकड देतात. खालच्या जबड्याच्या टणक हाडात तेच जोरानं आवळले तर हाड चेंगरून मरतं.

फट छोटी, भांडण मोठं

आता बाबांचं इम्प्लांट. २००७ मध्ये बसवलेलं. त्या काळी सर्रास वापरलं जाणारं डिझाइन. इम्प्लांटचं वरचं तोंड सपाट, त्यावर बाहेर आलेला षटकोन, जेमतेम ०.७ मिलिमीटर उंच. त्यावर अबटमेंट नावाचा जोडतुकडा बसतो, तो आतल्या स्क्रूनं आवळतात आणि वर कॅप येते. षटकोन एवढासा, त्यामुळे बाजूच्या धक्क्यांचा भार शेवटी त्या बारक्या स्क्रूवर. तो स्क्रू ढिला होणं ही या डिझाइनची जुनीच तक्रार.

पण हाडाच्या दृष्टीनं खरा घोळ वेगळाच. सपाटावर सपाट ठेवलं तरी मध्ये काही मायक्रॉनची फट उरतेच. आपल्याला ती दिसणार नाही, पण एखाद-दोन मायक्रॉनच्या जिवाणूंना तो टू बीएचके फ्लॅट आहे. चावताना सांधा किंचित उघडतो-मिटतो आणि आतलं पाणी पंपासारखं बाहेर येतं. मग त्या जागी शरीराच्या संरक्षक पेशी ठाण मांडतात, सूज राहते. आणि हाडाचा स्वभाव असा, की सुजेपासून ते चार हात लांब राहतं. सांधा जर नेमका हाडाच्या काठावर असेल, तर हाडाला खाली सरकण्याशिवाय पर्याय नाही.

त्यात हिरडीचीही मागणी असते. तोंडातली घाण हाडापर्यंत जाऊ नये म्हणून इम्प्लांटभोवती हिरडीचं साधारण तीन-चार मिलिमीटरचं सील तयार व्हावं लागतं. तेवढी उंची वर मिळाली नाही, तर हिरडी खाली जागा मागते आणि हाड ती सोडून देतं. लोकलमध्ये 'जरा सरकून घ्या' म्हणतात ना, तसं. फरक इतकाच, की सरकलेलं हाड परत येत नाही.

नशिबानं लागलेला शोध

या भांडणावरचा एक मस्त तोडगा चक्क टंचाईतून निघाला. १९९१ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं ५ आणि ६ मिलिमीटर जाडीची इम्प्लांट्स बाजारात आणली, पण त्यांच्या मापाचे वरचे तुकडे तयारच नव्हते. मग डॉक्टरांनी काय केलं? नेहमीचे ४.१ मिलिमीटरचे तुकडेच वर बसवले. मोठ्या ताटात छोटी वाटी! पुढे काही वर्षांनी एक्स-रे बघताना लक्षात आलं, की या 'ॲडजस्ट' केलेल्या केसेसमध्ये काठावरचं हाड नेहमीपेक्षा कमी उतरलंय. रिचर्ड लझारा आणि स्टीफन पोर्टर यांनी २००६ मध्ये हे व्यवस्थित मांडलं आणि त्याला नाव मिळालं, प्लॅटफॉर्म स्विचिंग.

फंडा सोपा आहे. वरचा तुकडा बारीक असला की सांध्याची फट हाडाच्या काठापासून आत, मध्याकडे सरकते. सूज हाडापासून दूर राहते. शिवाय इम्प्लांटच्या उघड्या कडेवर हिरडीला बसायला आडवी ओसरी मिळते, त्यामुळे तिला हाडाकडे जागा मागावी लागत नाही. त्यानंतर पुष्कळ कंपन्यांनी हे डिझाइन उचललं. माझ्या इम्प्लांटलाही अशीच ओसरी आहे.

दुसरा मार्ग म्हणजे सांधाच वर उचलायचा. काही इम्प्लांट्सची मान गुळगुळीत आणि लांब ठेवून हिरडीतून वर काढतात, म्हणजे फट हाडापासून दोनेक मिलिमीटर उंच राहते. मागच्या दाढांना हे झकास. समोरच्या दातांना मात्र धातूची कड दिसायची भीती, म्हणून तिथे दहादा विचार करतात.

"अगं, हा तर मोर्स टेपर!"

माझ्या इम्प्लांटच्या आतला सांधा मॅडमनी मोठा करून दाखवला, तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेच. वरचा तुकडा खाली निमुळता, आणि इम्प्लांटच्या आत तशीच निमुळती खोबण. "अगं, हा तर मोर्स टेपर!"

लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल बसवताना स्क्रू लागत नाही. निमुळता दांडा निमुळत्या भोकात दाबला की घर्षणानं असा चिकटतो की ड्रिल जागचं फिरत नाही. अमेरिकन स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात काढलेली ही युक्ती भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये आजही दिसेल. इम्प्लांटमध्ये कोन जरा मोठा असतो आणि बहुतेकांत जोडीला स्क्रूही असतो. पण तत्त्व तेच. बाजूचा धक्का निमुळत्या भिंती घेतात, स्क्रूवर एकट्यावर येत नाही. सांधा कमी हलतो, फट आणखी लहान होते, पंपासारखा प्रकार कमी होतो. फट पूर्ण बंद होते असं नाही, जिवाणू चिवट असतात. पण हाडाशी भांडण कमी होतं, हे नक्की.

गुळगुळीत की खडबडीत?

ब्रोनेमार्क यांची इम्प्लांट्स लेथवर कातलेली, बऱ्यापैकी गुळगुळीत होती. हाड धरायला खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागायचं. नंतर लक्षात आलं, की पृष्ठभाग थोडा खडबडीत असेल तर हाड लवकर आणि घट्ट धरतं. म्हणून वाळूसारखे कण मारून आणि मग ॲसिडनं कोरून पृष्ठभाग तयार करायला लागले. खडबडीतपणा किती? साधारण १ ते २ मायक्रॉन. यातच हाड सगळ्यात खूश असतं, असं अल्ब्रेक्टसन आणि आन वेनरबर्ग यांनी २००४ मध्ये मांडलं.

मग सगळं इम्प्लांट खडबडीत करून टाका ना! इथेच ट्विस्ट आहे. जोवर तो पृष्ठभाग हाडाच्या आत आहे तोवर तो फायद्याचा. हाड उतरून तो उघडा पडला, की त्याच खाचांमध्ये जिवाणूंचा थर बसतो आणि साफ करता करता नाकी नऊ येतात. म्हणजे काठावरचं हाड सांभाळणं हे नव्या इम्प्लांटमध्ये जास्तच महत्त्वाचं.

माझं इम्प्लांट किती घट्ट आहे, ते मॅडमनी मोजूनही दाखवलं. इम्प्लांटवर एक छोटी काडी बसवून कंपनं मोजतात आणि १ ते १०० मध्ये मार्क देतात. ब्रिटिश संशोधक नील मेरेडिथ यांची ही कल्पना. बसवलं त्या दिवशी मला ६८ मिळाले, दहा आठवड्यांनी ७६. मधल्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा आकडा खाली जाऊ शकतो. कारण सुरुवातीची पकड ही आट्यांची असते, ती सैलावते, आणि नव्या हाडाची पकड अजून यायची असते. "या दिवसांत त्या बाजूनं चकली खायची नाही," मॅडमनी सक्त ताकीद दिली होती. नेमकी दिवाळी होती!

जादूची कांडी नव्हे

एवढं ऐकल्यावर मी उत्साहानं विचारलं, "म्हणजे डिझाइन बेस्ट घेतलं की काम झालं?"

"अजिबात नाही," मॅडम हसल्या. "चांगली गाडी घेतली म्हणून खड्डे बुजत नाहीत, गं."

लिथुआनियातले तोमास लिंकेविचियस यांनी २००९ मध्ये दाखवलं, की इम्प्लांट बसवायच्या जागी हिरडी दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर पहिल्या वर्षात हाड जास्त उतरतं. पुढच्या अभ्यासात त्यांना असंही दिसलं, की पातळ हिरडीत प्लॅटफॉर्म स्विचिंगही हाड वाचवू शकत नाही. म्हणजे ओसरी बांधली, पण बसायला माणूसच नाही! अशा वेळी आधी हिरडी जाड करतात किंवा इम्प्लांट थोडं खोल बसवतात.

अंतराचंही तसंच. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांट्समध्ये तीन मिलिमीटर हाड ठेवायचं, हा नियम. डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की अंतर तीनपेक्षा कमी असेल तर मधली हाडाची शेंडी जास्त उतरते. कॅप सिमेंटनं चिकटवली असेल आणि हिरडीखाली थोडं सिमेंट राहून गेलं, तर तेही हाडाच्या मुळावर येतं. आणि मग आपण स्वतः. सिगारेट, तंबाखू, ताब्यात नसलेला डायबेटिस, महिनोन्महिने न केलेली सफाई. डेडलाइनच्या टेन्शननं रात्री दात खाणाऱ्यांचं लोडिंग तर वेगळंच.

बाबांचा एक्स-रे

बाबांना पन्नाशीपासून डायबेटिस. त्यामुळे त्यांच्या हाडाचा सगळा दोष जुन्या डिझाइनवर टाकला तर तो अन्याय होईल. २०२४ मध्ये त्यांची कॅप हलायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, इम्प्लांट गेलं. एक्स-रेमध्ये दिसलं, की इम्प्लांट हाडात पक्कं आहे, ढिला झालाय तो आतला स्क्रू. पण हाड काठापासून साधारण तीन मिलिमीटर उतरलं होतं.

तीन मिलिमीटर म्हणजे चांगलं की वाईट? १९८६ च्या निकषात सतरा वर्षांना ४.७ पर्यंत मुभा आहे, म्हणजे बाबा आरामात पास. पण ते तीन मिलिमीटर पहिल्या वर्षातच उतरून मग थांबले होते, की गेल्या दोन वर्षांत सपाट्यानं उतरले? पहिला अर्थ म्हणजे निवांत. दुसरा म्हणजे पेरी-इम्प्लांटायटिस, हाड खाणारा संसर्ग. हे कळायला हवा होता सुरुवातीचा एक्स-रे. आणि तोच नव्हता. जिथे इम्प्लांट बसवलं तो दवाखाना कधीच बंद झालेला. ना एक्स-रे, ना कार्ड, ना कंपनीचं नाव. स्क्रू आवळायचा तर त्या कंपनीचा ड्रायव्हर लागतो. मॅडमनी एक्स-रेमधल्या आकारावरून अंदाज बांधला, कॅपला वरून छिद्र पाडलं आणि मागवलेल्या ड्रायव्हर्सपैकी तिसरा बसला. बाबा तेवढा वेळ आ करून! "साधा ॲलन की असता तर मीच आवळला असता," हे त्यांचं नंतरचं म्हणणं.

सुरुवातीचा एक्स-रे नसेल तर काय धरायचं, तेही ठरलेलं आहे. २०१७ च्या जागतिक परिषदेतल्या निकषांनुसार हाड तीन मिलिमीटर किंवा जास्त उतरलेलं, हिरडीची खोली सहा मिलिमीटर किंवा जास्त आणि तपासताना रक्त किंवा पू, असं सगळं असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस म्हणायचं. बाबांची खोली होती चार, रक्त थोडंसं. मॅडमनी सफाई केली, कॅपचा आकार असा बदलला की खालून ब्रश फिरेल, आणि साखरेची कडक तंबी दिली. मग वर्षभर वाट बघणं. बाबा रोज रात्री छोटा ब्रश घेऊन आरशासमोर दहा मिनिटं. मशीन बंद करताना लेथ पुसायचे, अगदी तस्सेच.

२०२५ मधला एक्स-रे मॅडमनी आधीच्या शेजारी लावला. आटे मोजले. हाड जिथे होतं तिथेच! बाबांच्या भाकरीचा आणि शेंगदाण्यांचा कोटा कायम राहिला.

विचारा बिनधास्त!

इम्प्लांटसाठी मी तीन ठिकाणी चौकशी केली, तर सगळ्यात वरच्या आणि खालच्या भावात दुपटीहून जास्त फरक. भाव बघून डोकं फिरण्याआधी हे प्रश्न विचारा. चांगल्या डॉक्टरांना ते आवडतात.

● आतला सांधा सपाट आहे की निमुळता? वरचा तुकडा इम्प्लांटपेक्षा बारीक आहे का?

● माझ्या हाडाची रुंदी किती? गालाच्या बाजूला किती हाड उरेल?

● माझी हिरडी जाड आहे की पातळ? पातळ असेल तर काय करणार?

● कॅप स्क्रूनं बसणार की सिमेंटनं? सिमेंट असेल तर ते उरलं नाही हे कसं बघणार?

● ही कंपनी दहा-वीस वर्षांनी सुटे भाग देईल का?

● कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे मला मिळेल ना? आणि कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट नंबर लिहिलेलं कार्ड?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, की कार्डाचा आणि एक्स-रेचा फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करा. उद्या तुम्ही बंगळुरूला जाल, टोरांटोला जाल, किंवा डॉक्टरच रिटायर होतील. तुमच्या जबड्यातला स्क्रू कोणता आणि हाड कुठून कुठवर आलं, हे सांगणारं दुसरं कुणी नसेल. फोनची रॅम विसरलात तरी चालेल, हे नको!